अमेरिकेच्या नव्या सिटिझनसाठी: अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, उमेदवाराचं म्हणणं कसं तपासायचं

सिटिझनशिपची ओथ घेऊन बाहेर पडलात की हातात तीन गोष्टी असतात. छोटा झेंडा, सर्टिफिकेट आणि मतदार नोंदणीचा फॉर्म. पहिल्या दोन गोष्टींचे फोटो त्याच संध्याकाळी भारतातल्या सगळ्या ग्रुपवर जातात. तिसरी माझ्या पर्समध्ये चार महिने पडून होती.

माझं पहिलं मत २०१८ चं. उमेदवार आमच्या लायब्ररीत येणार म्हणून ऑफिसमधून लवकर निघाले, प्रश्न पाठ करून गेले. हात वर केला आणि विचारलं, आमच्या वळणावर शाळेची बस का थांबत नाही? उमेदवारांनी ‘ग्रेट क्वेश्चन’ म्हणून मान डोलावली आणि हे काम बोर्ड ऑफ एज्युकेशनचं, म्हणजे गावच्या शाळा-मंडळाचं, असल्याचं अगदी गोड आवाजात सांगितलं. पन्नासेक माणसं होती. शेजारच्या गुजराती बेननी माझ्या दंडावर थोपटलं, ते जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीआधी मी एक वही काढते. आरोग्य, नोकऱ्या, शिक्षण, नागरी हक्क असे चार विषय, आणि प्रत्येकासमोर तीन रकाने: काय म्हणतात, काय केलं, त्यांच्या हातात आहे का. मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे तारखा आणि फॉर्म इथले आहेत. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील. वही मात्र कुठेही चालते.

लागणारी कागदपत्रं आणि साधनं

- ड्रायव्हिंग लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे
- नॅचरलायझेशन सर्टिफिकेट किंवा अमेरिकन पासपोर्ट (नोंदणीत बहुधा मागत नाहीत, पण घोळ झाला तर हाताशी असावं)
- घरचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंट नंबरसकट
- चार सरकारी वेबसाइट: व्होट डॉट गव्ह, हाउस डॉट गव्ह, काँग्रेस डॉट गव्ह, एफईसी डॉट गव्ह (केंद्रीय निवडणूक आयोगाची)
- वही, पेन्सिल आणि दोन निवांत संध्याकाळी

१. आधी नाव नोंदवा, पण फक्त सिटिझनचं

न्यू जर्सीत मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं, ऑनलाइनसुद्धा. २०२६ ची निवडणूक ३ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख.

मोठा सापळा वेगळाच आहे. तुम्ही सिटिझन झालात, पण नवरा किंवा बायको अजून ग्रीन कार्डवर आहे, आईवडीलही ग्रीन कार्डवर आहेत, असं आपल्या कितीतरी घरांत असतं. मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्सचं काम करताना स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि रांग पुढे सरकावी म्हणून आपण ‘येस’ दाबून मोकळे होतो. ग्रीन कार्डवाल्यानं केंद्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे. देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. बाबांना सोबत नेलंत तर त्या स्क्रीनपाशी स्वतः उभे राहा.

नोंदणीच्या फॉर्मवरची सही लक्षात ठेवा, शक्य असेल तर फोटो काढून ठेवा. कारण शेवटच्या पायरीत सांगते.

२. तुमचा डिस्ट्रिक्ट (मतदारसंघ) पत्त्यावरून काढा

काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये, ४३५ जागा आहेत आणि प्रत्येक दोन वर्षांनी सगळ्याच्या सगळ्या जागांची निवडणूक होते. हाउस डॉट गव्हवर झिप कोड टाकला की तुमचा डिस्ट्रिक्ट निघतो, पण एकाच झिपमध्ये दोन डिस्ट्रिक्ट असू शकतात, म्हणून पूर्ण पत्ता टाका. मैत्रिणीचं घर चार रस्ते सोडून असलं तरी तिचा उमेदवार तोच असेल असं नाही.

नकाशे बदलतातही. २०२० च्या जनगणनेनंतर देशभर नव्यानं आखणी झाली. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तर २०२५ मध्ये, मधल्या काळातच, नकाशे पुन्हा बदलले. डॅलस आणि बे एरियातल्या मंडळींनी मागच्या वेळचं नाव गृहीत धरू नये.

याच पायरीत प्रायमरीचंही, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचंही, पाहून घ्या. पुष्कळ डिस्ट्रिक्ट एका पक्षाचे बालेकिल्ले असतात, तिथे खरी चुरस जूनमधल्या प्रायमरीतच संपते. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलेला मतदार त्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडून मत देऊ शकतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. ‘आपण कुणाचेच नाही’ म्हणून प्रायमरी सोडून देणारे मला दरवर्षी भेटतात आणि नोव्हेंबरात ‘हे दोनच पर्याय कसे?’ म्हणून कुरकुरतात.

३. त्या खुर्चीला काय करता येतं ते बघा

माझी बस इथेच चुकली होती. हाउसचा सदस्य केंद्रीय कायद्यांवर आणि केंद्रीय पैशावर मत देतो. प्रॉपर्टी टॅक्स, शाळेचा अभ्यासक्रम, रस्त्यावरचा खड्डा, पोलीस, यांतलं बहुतेक टाउनशिप, काउंटी किंवा राज्याकडे असतं. काही गोष्टी राष्ट्राध्यक्ष आदेशानं करतात, काही कोर्टात ठरतात.

खासदाराच्या कार्यालयाचा एक उपयोग मात्र आपल्याला पटकन कळतो. इमिग्रेशनची केस अडकली की त्यांचा स्टाफ संबंधित खात्याकडे विचारणा करतो. त्यासाठी एक संमतिपत्र सही करून द्यावं लागतं. हे काम निवडून आलेला माणूस करतो, उमेदवार नाही, आणि तुम्ही त्याला मत दिलं होतं का असं कुणी विचारत नाही.

४. वेबसाइट वाचताना क्रियापदांखाली रेघ ओढा

उमेदवाराच्या साइटवर ‘इश्यूज’ असं पान असतं. ते छापून घ्या. माझ्या २०२२ च्या वहीत एका उमेदवाराचं आरोग्यावरचं पान चिकटवलेलं आहे. त्यात नऊ वाक्यं आहेत. सहांत ‘लढेन’, दोनांत ‘पाठीशी उभा राहीन’, आणि एकाच वाक्यात एका बिलाचं (विधेयकाचं) नाव. मी त्या एका वाक्याभोवती गोल केला आणि बाकीचं सोडून दिलं.

आपल्याला ही भाषा नवी नाही. ‘शासन कटिबद्ध आहे’, ‘प्रश्न मार्गी लावू’, ‘सकारात्मक विचार करू’ हे ऐकत आपण मोठे झालो. इंग्रजीत आलं की मात्र आपण उगीचच भारावतो. नियम तोच लावा: कुठलं बिल, किती पैसे, कुठून आणणार, कधीपर्यंत. यातलं एकही नसेल तर रकाना कोरा ठेवा. कोरा रकानाही बरंच सांगतो.

आधीच निवडून आलेले असतील तर साइट दुय्यम, नोंदी महत्त्वाच्या. काँग्रेस डॉट गव्हवर कोणती बिलं मांडली, कोणत्या बिलांचे को-स्पॉन्सर (सहीनं पाठिंबा देणारे) झाले ते दिसतं. हाउसच्या क्लार्कच्या साइटवर प्रत्येक रोल कॉल मत, म्हणजे नावानिशी नोंदलेलं मत, दिसतं. इथे सांभाळायच्या गोष्टी:

को-स्पॉन्सर होणं स्वस्त असतं. सही केली, प्रेस नोट काढली, बिल कमिटीत धूळ खात पडलं. दोन वर्षं संपली की न झालेली सगळी बिलं बाद होतात आणि पुढच्या काँग्रेसमध्ये पहिल्यापासून सुरुवात. एकाच नावाचं बिल पाच वेळा मांडलेलं दिसलं तर ती चिकाटी की दिखावा, हे तुम्हीच ठरवा.

जाहिरातीतलं ‘यांनी सैनिकांच्या विरोधात मत दिलं’ हे वाक्य बहुधा हजार पानी बिलातल्या एका कलमावरून उचललेलं असतं. मूळ मत उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. संघटनांची ‘ए प्लस’, ‘एफ’ अशी प्रगतिपुस्तकंही अशीच. मोजायची मतं त्यांनीच निवडलेली असतात.

पैसा एफईसी डॉट गव्हवर दिसतो. एकूण २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव आणि नोकरी तिथे उघड असते, तुमचीही दिसेल. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे नाही. आणि मित्राला पैसे देऊन त्याच्या नावानं चेक फाडायला लावणं सरळ बेकायदेशीर आहे, ‘फंडरेजरला टेबल भरायचं आहे’ असं कुणी कितीही प्रेमानं म्हटलं तरी.

५. आरोग्य

या विषयाला वहीची सर्वांत जास्त पानं द्या, कारण इथे काँग्रेसच्या हातात खरोखर पुष्कळ आहे आणि आपल्या घरात त्याचा हिशेब दर महिन्याला होतो.

आधी मेडिकेअर आणि मेडिकेड यांची गल्लत काढून टाका. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. ज्यानं इथे दहा वर्षं, म्हणजे ४० क्वार्टर, नोकरी केली त्याला मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग हप्त्याशिवाय मिळतो. आपण ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आईबाबांनी इथे नोकरी केलेली नसते. त्यांना सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ता भरून मेडिकेअर विकत घेता येतं. तोपर्यंत मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातला, प्लॅन किंवा खासगी विमा. म्हणून उमेदवार ‘मेडिकेअर वाचवीन’ म्हणाला तर ते तुमच्या आईसाठी आज किती लागू आहे, हे आधी बघा.

मग ही दोन मतं तपासा. १२ ऑगस्ट २०२२ ला हाउसनं २२० विरुद्ध २०७ मतांनी इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट मंजूर केला. मेडिकेअरनं औषध कंपन्यांशी भाव ठरवावा, मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडू नये, या गोष्टी त्यातल्या. भाव ठरलेल्या पहिल्या दहा औषधांत जानुव्हिया आणि एलिक्विस आहेत. आपल्या कितीतरी आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात ही नावं सापडतील. दुसरं मत ३ जुलै २०२५ चं, ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’वरचं, २१८ विरुद्ध २१४. त्या कायद्यानं मेडिकेडवरच्या बऱ्याच प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काहीतरी दाखवण्याची अट घातली, ती २०२७ पासून. एक बाजू म्हणते धडधाकट माणसानं काम करावं. दुसरी म्हणते कागद भरता न आल्यानं पात्र माणसंही बाहेर फेकली जातील. तुमचं मत काहीही असो, उमेदवारानं ‘हो’ म्हटलं की ‘नाही’, हे वहीत असलंच पाहिजे.

नवा उमेदवार असेल, त्याचं मतच नसेल, तर प्रश्न असा विचारा: ‘त्या दिवशी तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?’ उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा.

इन्सुलिनवरची एक फसवणूक दोन्ही पक्षांत चालते. ‘मी इन्सुलिन ३५ डॉलरवर आणलं’ हे केंद्रीय कायद्यापुरतं मेडिकेअरबद्दल खरं आहे. तुमच्या ऑफिसच्या विम्याला ती मर्यादा लागू नाही.

६. नोकऱ्या आणि व्हिसा

‘जॉब्ज’ या शब्दाखाली उमेदवार कारखाने, टॅक्स आणि किमान वेतन मांडतो. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलेलं आहे. न्यू जर्सीचं स्वतःचं १५ डॉलरच्या वर आहे. त्यामुळे ‘किमान वेतन १५ करीन’ या घोषणेनं एडिसनच्या दुकानातल्या मुलीच्या पगारात काही फरक पडत नाही, टेक्सासमधल्या मुलीच्या पगारात पडेल.

आपल्या लोकांचा प्रश्न दुसरा असतो: ग्रीन कार्डची रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला सुमारे १,४०,००० आणि एका देशाला साधारण सात टक्के. हा कायदा काँग्रेसचा आहे, म्हणजे बदलणारही काँग्रेसच. १० जुलै २०१९ ला हाउसनं ही देशवार मर्यादा काढण्याचं बिल ३६५ विरुद्ध ६५ अशा दणदणीत मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, वेगळं रूप मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसला नाही, मुदत संपली, बिल गेलं. म्हणून ‘मी बॅकलॉग संपवण्याच्या बाजूनं मत दिलं होतं’ हे खरंही असतं आणि त्यातून काही झालेलं नाही हेही खरं.

याउलट एच-४ वाल्यांना, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या नवरा-बायकोंना, कामाची परवानगी २०१५ मध्ये सरकारी नियमानं मिळाली, आणि सप्टेंबर २०२५ मधली एच-१बी वरची एक लाख डॉलरची फी राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं आली. इथे खासदाराला विचारायचं ते हे: ‘कायदा करून हे पक्कं कराल, की रद्द कराल?’

७. शिक्षण

थोडक्यात उरकते. बारावीपर्यंतच्या शाळांच्या पैशांत केंद्राचा वाटा साधारण दहाएक टक्के. बाकी राज्य आणि तुमचा प्रॉपर्टी टॅक्स. म्हणून काँग्रेसच्या उमेदवाराला तीनच गोष्टी विचारा. एक, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी १९७५ च्या कायद्यात केंद्रानं जादा खर्चाचा ४० टक्के भार उचलायचं ठरवलं होतं, ते कधीच पाळलं गेलेलं नाही. त्याचं काय? घरात आयईपी (शाळेनं अशा मुलासाठी आखलेला खास आराखडा) असलेलं मूल असेल तर हा प्रश्न पहिला. दोन, कॉलेजसाठी पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राची मदत) आणि विद्यार्थी कर्ज. तीन, १९७९ मध्ये काँग्रेसनं स्थापन केलेलं शिक्षण खातं ठेवायचं की मोडायचं.

८. नागरी हक्क

हे पान आपण उलटून पुढे जातो, ‘आपला काय संबंध?’ म्हणून. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. १९४६ च्या कायद्यानं नागरिकत्वाचं ते दार उघडलं, आणि देशात यायचं दार किलकिलं, वर्षाला शंभर भारतीयांना. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद हाउसवर निवडून आले. आणि आपल्या आधीच्या पिढीतले डॉक्टर-इंजिनिअर सूटकेस घेऊन आले ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच्या आगेमागेच १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. एकाच काळातली, एकाच चळवळीच्या रेट्यानं उघडलेली दारं.

आज विचारण्यासारखं: मतदान हक्क कायद्याचा एक मोठा भाग २०१३ मध्ये कोर्टानं निकामी केला, तो काँग्रेसनं पुन्हा उभा करावा का? त्यासाठीचं बिल हाउसनं ऑगस्ट २०२१ मध्ये २१९ विरुद्ध २१२ नं मंजूर केलं होतं, पुढे गेलं नाही. दुसरं, जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांना जन्मानं नागरिकत्व नाकारणारा आदेश निघाला आणि कोर्टात गेला. एच-१बी वर बाळंतपण झालेल्या घरांत हा वर्तमानपत्री विषय नाही.

आणि एक, जो आपल्या गेट-टुगेदरमध्ये काढला की पटकन चहा आणायला सगळे उठतात. जातीवरून भेदभावाला सिअॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी घातली. कॅलिफोर्नियाचं तसं बिल ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी परत पाठवलं. ज्या न्यूयॉर्कमध्ये आंबेडकर शिकले, तिथून तासाभरावर राहून हा प्रश्न उमेदवाराला विचारायला लाज वाटायचं कारण नाही. केंद्रीय कायद्यात ‘जात’ शब्द यावा का, एवढंच विचारा. त्यांना बहुधा माहिती नसतं, तेही कळतं.

९. समोर आले की काय विचारायचं

निवडणुकीच्या वर्षात उमेदवार गणपतीत येतात. गळ्यात उपरणं, हातात आरतीचं तबक, ‘नमस्ते’, आणि मोदक चमच्यानं खायचा की हातानं यावर क्षणभर गोंधळ. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच झालं. भाषणात त्यांनी ‘तुमच्या कम्युनिटीची कुटुंबमूल्यं’ चारदा काढली आणि बिल एकदाही नाही. टाळ्या मात्र मीही वाजवल्या. मोदक खाऊन झाल्यावर वाजतात.

तिथे हा एक सापळा लक्षात ठेवा. आपली बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था आहेत आणि अशा संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. मंडळाच्या ईमेलवरून ‘यांना मत द्या’ आलं तर अध्यक्षांना कानात सांगा, मंडळाचा करमुक्त दर्जा धोक्यात येतो.

‘आपला माणूस’ उभा असला तरी वही तीच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या डिस्ट्रिक्टमधून निवडून आले तेव्हा आमच्याही घरी पेढे आले. पण मिशिगनमधल्या माझ्या मावसबहिणीनं त्यांचंही पान इतरांसारखंच भरलं.

प्रश्न एका श्वासात संपला पाहिजे. नाव, गाव, आणि ‘अमुक बिलावर हो की नाही?’ दोन प्रश्न जोडले की ते सोप्याचं उत्तर देऊन बसतात.

१०. बॅलट (मतपत्रिका) भरताना

पोस्टानं आलेलं बॅलट स्वयंपाकघरातल्या टेबलावर शांतपणे भरा, हळदीचा हात लावू नका. न्यू जर्सीच्या आतल्या पाकिटाला सहीचा पट्टा जोडलेला असतो, तो फाडायचा नाही. सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात. मी नोंदणीच्या फॉर्मवर ओथच्या उत्साहात देवनागरीत सही ठोकली होती आणि बॅलटवर ऑफिसची इंग्रजी. आठवड्यात पत्र आलं, सही जुळत नाही, खुलासा करा. फॉर्म भरून दिला आणि मत मोजलं गेलं, पण ते आठ दिवस मी रोज पोस्टाची पेटी उघडत होते.

भरलेलं पाकीट ड्रॉप बॉक्समध्ये मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत टाकता येतं. आणि बॅलट वरून खालपर्यंत वाचा. काँग्रेसच्या नावांच्या कितीतरी खाली, बऱ्याच गावांत, बोर्ड ऑफ एज्युकेशनची नावं असतात. बसचा प्रश्न त्यांना विचारायचा.